रिमोटवरची इंधनाची कार घ्यायचीय? आधी रान बघा, मग साइज ठरवा

निळसर धूर सोडत, मुरूम उडवत सुसाट जाणारी हातभर लांबीची कार. असं रील दिसलं की कमेंटमध्ये दोन प्रश्न हमखास येतात, केवढ्याला मिळते आणि कुठे मिळते. तिसरा प्रश्न क्वचितच कुणी विचारतं, तो म्हणजे कोणत्या साइजची घ्यायची. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा याच न विचारलेल्या प्रश्नापायी.

आता समजा, घेणारा इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचा आहे. आजूबाजूला ऊस, नीरा डाव्या कालव्याचा पट्टा, काळी जमीन, मुरमाचे रस्ते. गुळगुळीत डांबरी ट्रॅक नाही, मॉलचं मोकळं पार्किंग नाही, आणि मॉडेल कारचं सामान विकणारं दुकान बघायचं तर पुणे, म्हणजे शंभर किलोमीटरच्या पुढे. अशा ठिकाणी कोणती साइज चालेल? खोक्यावर याचं उत्तर सापडत नाही, कारण खोक्यावरचा मजकूर जपान-अमेरिकेतल्या तयार ट्रॅकचा विचार करून लिहिलेला असतो.

१/५, १/८, १/१० म्हणजे नेमकं काय?

हे आकडे म्हणजे स्केल, खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती पट लहान आहे ते. सोपं उदाहरण घेऊ. २०२० साली आलेली तीन दारांची महिंद्रा थार ३,९८५ मिलिमीटर लांब आहे. तिचं १/१० मॉडेल केलं तर ते साधारण ४० सेंटीमीटर भरेल, १/८ केलं तर ५०, आणि १/५ केलं तर ८० सेंटीमीटर. १/१६ मध्ये तीच थार २५ सेंटीमीटरची, म्हणजे शाळेतल्या फुटपट्टीपेक्षाही छोटी होते.

इंधनावर चालणाऱ्या मॉडेल कार प्रामुख्याने १/१०, १/८ आणि १/५ या तीन साइजमध्ये येतात. १/१६ सुद्धा मिळतात, पण कमी.

गोंधळ होतो तो वजनाच्या बाबतीत. १/५ ही १/१० च्या दुप्पट लांब, एवढंच डोक्यात बसतं. पण ती दुप्पट रुंद आणि दुप्पट उंचही असते. हिशेबाने आकारमान आठपट होतं. प्रत्यक्षात १/१० ची टूरिंग कार दोन किलोच्या आत बसते, १/८ ची शर्यतीची बगी सव्वातीन किलोच्या पुढे जाते आणि १/५ ची पेट्रोल बगी १० किलोच्या आसपास असते. दोन किलोची वस्तू पायावर आदळणं वेगळं आणि दहा किलोची आदळणं वेगळं. त्याचा हिशेब पुढे येतोच.

आणखी एक गोम आहे. स्केलचा आकडा कंपन्या फार काटेकोरपणे पाळत नाहीत. ट्रॅक्सस कंपनीचा टी-मॅक्स हा १९९९ मध्ये आलेला, जगभर गाजलेला नायट्रो मॉन्स्टर ट्रक. त्याच्यावर १/१० लिहिलेलं असतं, पण तो लांबीला पन्नास सेंटीमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे १/८ बगीच्या बरोबरीने. त्यामुळे नुसता स्केल वाचून ऑर्डर टाकू नये. लांबी, रुंदी, वजन आणि चाकाचा व्यास हे चार आकडे बघावेत. जो विक्रेता हे आकडे देत नाही, तिथून घेऊ नये.

इंजिनाचा आकडा वेगळा

नायट्रो इंजिनावर .१२, .१५, .१८, .२१, .२८ असे आकडे असतात. हे घन इंचात मोजलेलं इंजिन. एक घन इंच म्हणजे १६.३९ सीसी. म्हणजे .१२ चं इंजिन सुमारे २ सीसी, .२१ चं साडेतीन सीसी आणि .२८ चं ४.६ सीसी. १/१० टूरिंगमध्ये साधारण .१२, १/८ बगीमध्ये .२१, मोठ्या मॉन्स्टर ट्रकमध्ये .२८ पर्यंत. काही कंपन्या थेट सीसीच लिहितात. ‘३.३’ वाचून ते ‘.२१’ पेक्षा फार मोठं वाटतं, पण दोन्ही जवळपास एकाच मापाची इंजिनं आहेत.

१/५ चं जग निराळं. तिथे २३ ते ३० सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असतं, गवत कापायच्या मशीनच्या जातीचं.

नवशिक्याला कुणी फारसं सांगत नाही ती गोष्ट अशी की छोटं इंजिन सोपं नसतं, उलट जास्त नखरेल असतं. कार्बोरेटरची सुई जराशी फिरली तरी .१२ चं इंजिन बंद पडतं किंवा तापतं. .२१ ला थोडी चूक खपते. ‘लहान आहे, शिकायला बरं’ हा हिशेब इथे लागू पडत नाही.

बारामती-इंदापूरकडच्या अभियांत्रिकीच्या मुलांसाठी एक सूचना. आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये ‘फुल थ्रॉटल’ नावाची इंधनावरच्या आरसी कारची स्पर्धा राहिलेली आहे, आणि इतर कॉलेजांच्या फेस्टमध्येही अशा स्पर्धा होतात. त्यांच्या नियमांत इंजिनाच्या सीसीची आणि कारच्या मापांची मर्यादा दिलेली असते. स्पर्धेसाठीच घ्यायची असेल तर आधी त्या वर्षीचे नियम वाचावेत, मग खरेदी.

रान काय सांगतं?

कोणतंही चाक आपल्या निम्म्या उंचीपेक्षा मोठ्या ढेकळावर नुसतं गडगडत चढू शकत नाही. ते अडतं किंवा आपटून उडतं. बैलगाडीचं चाक एवढं मोठं असण्यामागचं एक कारण हेच.

आता मापं बघा. १/१० टूरिंग कारचं चाक सहा-साडेसहा सेंटीमीटर व्यासाचं आणि तिचं पोट जमिनीपासून जेमतेम पाच मिलिमीटर वर. डांबरावरचा एक खडा तिला पुरतो. गावातल्या नव्या सिमेंट रस्त्यावर ती पळेल, पण तो रस्ता गावाच्या वापराचा आहे. तिथे पोरं, म्हशी, दुचाक्या सगळंच असतं. म्हणजे टूरिंग कार इथे बादच.

१/८ बगीचं चाक ११-१२ सेंटीमीटरचं. पोटाखाली अडीच-तीन सेंटीमीटर जागा. मुरमाचा रस्ता, शाळेचं मैदान, उन्हाळ्यात मोकळं पडलेलं आणि फळी मारून सपाट केलेलं रान, हे सगळं तिच्या आवाक्यात येतं. मॉन्स्टर ट्रकची चाकं त्याहून मोठी, १५ सेंटीमीटरच्या घरात. ऊस निघाल्यावर जो खोडवा उरतो, त्याच्या बुडख्यांतून मात्र तोही चालत नाही. तिथे १/५ वालाही रडतो.

काळ्या मातीचं दुखणं दुहेरी. ओली असताना ती चाकाला, दांड्यांना, गिअरच्या झाकणाला चिकटून कारचं वजन वाढवत नेते. क्लच जळायला तेवढं पुरे. सुकली की तीच माती पीठ होऊन उडते आणि एअर फिल्टरमधून आत शिरते. या इंजिनांत पिस्टन आणि स्लीव्ह यांची बसणी इतकी घट्ट असते की चिमूटभर बारीक धूळ आत गेली तरी काही मिनिटांत कॉम्प्रेशन जातं. १/८ च्या ऑफ-रोड कारना म्हणूनच दोन थरांचा, तेल लावलेला फोमचा फिल्टर असतो. १/१० च्या रस्त्यावरच्या कारचा फिल्टर या धुळीसाठी बनवलेलाच नसतो. साइज निवडताना हा मुद्दा वेगापेक्षा मोठा आहे, पण जाहिरातीत तो कधी दिसत नाही.

पाचटाचंही बघावं लागतं. सायलेन्सर तापलेला असतो, टाकी भरताना इंधन सांडतं. तोडणी झालेल्या फडात पाचट पसरलेलं असताना किंवा शेजारी उभा ऊस वाळलेला असताना ही कार चालवणं म्हणजे शेजाऱ्याच्या वर्षभराच्या पिकाशी खेळ आहे. साइज कोणतीही असो, उसापासून लांब, उघड्या मुरमावरच चालवावी.

लांबून कार दिसते केवढी?

कार चालवणारा एका जागी उभा असतो आणि कार ६० मीटरवर गेलेली असते. तिथून ती केवढी दिसते? हात सरळ लांब करून चिमटीत ज्वारीचा दाणा धरा, तेवढी १/१० दिसते. तुरीचा दाणा धरा, तेवढी १/८. हरभरा धरला तर १/५. ज्वारीच्या दाण्याचं तोंड आपल्याकडे आहे की पलीकडे, हे धुळीत कसं ओळखायचं? आणि कार आपल्याकडे येत असली की स्टिअरिंग उलटं होतं, डावीकडे वळवायचं तर मनात उजवी बाजू धरावी लागते. नवीन माणसाच्या धडका बहुतेक इथेच होतात.

ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त. शंभर मीटरचं रान सहा सेकंदांत संपतं. पलीकडे चारी, विहीर किंवा कालवा असेल तर सहाच सेकंद हाताशी आहेत. म्हणून मोकळ्या रानात दिसणारी कार हवी, आणि छोट्या पटांगणात मुळात वेगवान कारच नको.

इंधन मिळणार कुठून?

गावाकडच्या खरेदीत खरी अडचण इथे येते.

१/१० आणि १/८ च्या कार ज्या ‘नायट्रो’वर चालतात, ते पेट्रोल नव्हे. ते मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण असतं. कारसाठी नायट्रोमिथेनचं प्रमाण साधारण १० ते ३० टक्के. पंपावर हे मिळत नाही, आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या विमानातल्या बॅगेतही आणता येत नाही, कारण ते ज्वालाग्राही आहे.

साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात एक कल्पना हमखास निघेल की डिस्टिलरी जवळ आहे, अल्कोहोल काय कमी? पण मळीपासून आणि उसाच्या रसापासून बनतं ते इथेनॉल. या कारला लागतं मिथेनॉल. दोन्हींचा वास आणि रंग फसवा आहे, परिणाम मात्र जमीन-अस्मानाइतके वेगळे. मुंबईत मालवणी इथे २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती याच मिथेनॉलमुळे. १० मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते, ३० मिलिलिटर जिवावर बेतू शकतं. महाराष्ट्रात मिथेनॉलची गणना विषात होते आणि त्याच्या विक्रीवर परवान्याचं नियंत्रण आहे. त्यामुळे ‘घरीच इंधन बनवा’ छापाचे व्हिडिओ बघून प्रयोग करायची ही गोष्ट नाही. तयार, सीलबंद डबाच घ्यावा.

तयार इंधनाला कंपन्या गुलाबी, निळा, हिरवा रंग देतात. थंड पेयाच्या बाटलीत काढून ठेवलं तर घरातलं मूल ते सरबत समजू शकतं. मूळ डब्यातच, झाकण घट्ट लावून, कुलपात ठेवायचं. भर उन्हात मिथेनॉलची ज्योत जवळपास दिसत नाही, हेही लक्षात असावं. कार पेटली तरी आधी कळतं ते हाताला लागलेल्या झळीने.

किती लागतं? १/८ च्या शर्यतींमध्ये आंतरराष्ट्रीय नियमाने टाकी १२५ सीसीची असते. तेवढ्यात आठ ते दहा मिनिटं निघतात. म्हणजे एक लिटर तासाभरात संपतं. शनिवार-रविवार मिळून दोन तास चालवायचं ठरवलं तर महिन्याला सात-आठ लिटर. पुण्याहून तेवढे डबे नियमित आणणं जमणार आहे का, हे कार घेण्याआधी कागदावर मांडावं. बऱ्याच नायट्रो कार माळ्यावर पडून राहतात त्या मोडल्यामुळे नाही, इंधन संपल्यामुळे.

मग १/५ पेट्रोलवर चालते, पंप तर गावाजवळ आहे, तीच का नको? विचार चुकीचा नाही. सातशे सीसीच्या टाकीत अर्धा-पाऊण तास ती पळते आणि खर्चही नायट्रोच्या मानाने किरकोळ. पण त्यात दोन गाठी आहेत. पहिली गाठ, आता पंपावरचं पेट्रोल ई-२० आहे, म्हणजे लिटरमागे २०० मिलिलिटर इथेनॉल. इथल्या उसाला त्याने भाव दिला हे खरंच, पण छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांचे बरेचसे उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं सांगतात. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, कार्बोरेटरचे पातळ पडदे कडक होतात. जास्त इथेनॉलमुळे इंजिन ‘लीन’ही चालतं आणि तापतं. त्यामुळे आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा काय लिहिली आहे ते बघावं, मिश्रण ताजं करावं (२५ ला १ प्रमाण असेल तर लिटरमागे ४० मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल) आणि चालवून झाल्यावर टाकी रिकामी करून ठेवावी. पेट्रोल प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटलीत आणू नये. घरगुती थोड्या साठ्याला कायद्याने जी सूट आहे, ती काच, चिनी माती किंवा धातूच्या घट्ट बंद भांड्यासाठी आहे.

दुसरी गाठ: दहा किलो

दहा किलोची कार ताशी ६० च्या वेगाने येऊन आदळली, तर तो मार दहा किलोचं वजन १४ मीटरवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांच्या इमारतीवरून पडल्यासारखा असतो. सव्वातीन किलोच्या १/८ चा धक्का याच्या एक तृतीयांश. तोही कमी नाही, नडगी मोडायला पुरेसा आहे. पण १/५ मोठ्या माणसालाही आडवं करू शकते, आणि रानात पोरं कारमागे धावतातच.

रिमोटचा सिग्नल तुटला किंवा कारमधली रिसिव्हरची बॅटरी उतरली तर कार बेवारस पळते. सिग्नल गेल्यावर थ्रॉटल बंद करून ब्रेक लावणारा ‘फेल-सेफ’ आता बहुतेक रिमोटमध्ये असतो, पण तो सेट करावा लागतो. शिवाय बॅटरीच गेली तर त्याचाही उपयोग नसतो. १/५ वर इंजिन लांबून बंद करणारा वेगळा किल-स्विच लावल्याशिवाय ती सोडूच नये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात पहिलीच कार म्हणून १/५ देणं सरळसरळ चूक आहे, घरात कितीही मोकळं रान असो.

मग घ्यायची कोणती?

शेळगावसारख्या जमिनीवर, इंधनाचीच हवी असेल तर १/८ ऑफ-रोड बगी किंवा त्याच मापाचा ट्रक, .२१ च्या आसपासच्या इंजिनाचा. मुरमावर चालते, धुळीचा फिल्टर बरा असतो, लांबून दिसते, आणि शर्यतीचा मुख्य वर्ग असल्याने सुटे भाग जगभर बनतात. १/१० घ्यायची तर टूरिंग नव्हे, मॉन्स्टर ट्रकच. १/५ दुसरी किंवा तिसरी कार म्हणून, मोठ्या माणसासाठी.

पैशांचं म्हणाल तर नाव असलेल्या कंपनीची नायट्रो कार काही हजारांत येत नाही, ती दहा हजारांच्या पटीत मोजावी लागते. १/५ लाखाच्या बाजूला जाते. त्यात आयातशुल्काचा वाटा आहे. खेळणी आणि लहान प्रतिकृतींवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे परदेशी वेबसाइटवरची किंमत बघून बजेट ठरवू नये.

कारच्या किमतीखेरीज ग्लो प्लग तापवायचं इग्नायटर, जादा ग्लो प्लग, इंधन भरायची बाटली, फिल्टर आणि त्याचं तेल, चालवून झाल्यावर इंजिनात टाकायचं तेल, तापमान बघायचं यंत्र हे सगळं लागतं. शर्यतीच्या काही १/८ कारना ओढायची दोरी नसते, वेगळा स्टार्टर बॉक्स घ्यावा लागतो. गावी वापरायची तर दोरीवाली बरी. मोडणारे भाग ठरलेले असतात, पुढच्या चाकांचे हात, क्लच बेल, बेअरिंग. हे भाग भारतात मिळतात का, हे ऑर्डरच्या आधी विक्रेत्याला विचारावं. मिळत नसतील तर त्या कंपनीची कार कितीही चांगली असो, पहिल्याच बांधावर तिचा प्रवास संपेल.

जुनी घेत असाल तर इंजिन थंड असताना ग्लो प्लग न काढता फ्लायव्हील हाताने फिरवून बघा. पिस्टन अगदी वर येताना चिमटा बसल्यासारखं घट्ट लागलं पाहिजे. अलगद फिरत असेल तर पिस्टन-स्लीव्ह संपलेत, आणि तो खर्च कधीकधी जुन्या कारच्या किमतीइतकाच येतो. फिल्टर उघडून आत बोट फिरवा. फिल्टरच्या आतल्या बाजूला धूळ लागली, तर विकणारा काहीही सांगो, ते इंजिन माती खाऊन बसलेलं आहे.

आणि धूर-आवाजाचा नाद नसेल, फक्त रानात गाडी पळवायची असेल, तर हीच १/८ बगी बॅटरीवरही मिळते. चाकं, माप, ताकद तीच. मिथेनॉलचा डबा घरात येत नाही, आणि दुपारी झोपलेले शेजारी भांडायला येत नाहीत.